हातात गेलं म्हणजे तोंडात गेलं का?

चर्चच्या पत्रकात माझ्या बहिणीबद्दल तीन ओळी आल्या. जन्मली कधी, गेली कधी, आणि मधे एक ओळ, "बालवाडीत जेवणाचं काम पाहत असे." काम पाहत असे! अहो, काम तर रस्त्यावरून जाणारा कुत्रासुद्धा पाहतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. मी आठवीपर्यंत शिकलोय आणि मग बावीस वर्षं टूनाच्या कारखान्यात मासे साफ केलेत. माझ्या लाइनवर माझ्याइतका हात कुणाचा चालत नव्हता, कुणालाही विचारा. लिहिण्यात हात तसा चालत नाही. पण ती माझी बहीण होती, दुसरं कोण लिहिणार?

तिचं नाव फुआतिनो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या बेटावर म्हणतात, बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. भावानं वाकायचं आणि बहिणीनं सांगायचं. मी गावात कुणापुढे वाकलो नाही, पण फुआतिनोनं "दादा, गाडी काढ" म्हटलं की काढायचो. लोक हसायचे. हसू देत. त्यांना अशी बहीण नव्हती.

लग्न तिनं केलं नाही. चर्चच्या मागच्या हॉलमधे जी बालवाडी भरते, तिथे ती अकरा वर्षं होती. मुलांच्या जेवणाचे पैसे वॉशिंग्टनच्या सरकारकडून यायचे आणि त्या सरकारी जेवणाचा सगळा कारभार तिच्याकडे. काय शिजवायचं, किती वाढायचं, कोणत्या मुलानं खाल्लं. भात अर्धा कप, कोंबडी मूठभर, मटार, संत्र्याच्या फोडी, दुधाची पुडी. मूल टेबलाशी बसलं आणि ताट त्याच्या पुढ्यात आलं, की त्याच वेळी त्याच्या नावापुढे खूण करायची. आधी नाही, नंतर नाही. एकदा स्वयंपाकाच्या बाईनं सकाळीच सगळ्यांच्या नावापुढे खुणा करून ठेवल्या, "रोज येतातच की!" फुआतिनोनं तो कागद फाडला. म्हणाली, "अगं बाई, देवालासुद्धा माहीत नाही आज कोण जेवणार, तुला कसं कळलं?"

आता आमच्या घरातली पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात आधी कुळाचा प्रमुख जेवतो, मग म्हातारी माणसं, मग बाकीची. मुलं पंखा घेऊन माश्या हाकलत उभी असतात आणि शेवटी बसतात. यात दुष्टपणा काही नाही. समंजस म्हातारा मुलांसाठी ताटात चांगला तुकडा मुद्दाम ठेवतो. मी असाच वाढलो आणि बघा कसा वाढलोय, दारातून आडवं होऊन जावं लागतं.

पण त्या हॉलमधे मुलं आधी जेवायची. एकदा पाद्रीबाबा भुकेले आले तर फुआतिनोनं त्यांना बाकावर बसवून ठेवलं, शेवटच्या मुलाचं दूध संपेपर्यंत. गावात आठवडाभर चर्चा. मी तिला म्हटलं, "तू आपल्या आईबापाची लाज घालवणार." ती म्हणाली, "दादा, घरी तुमची पद्धत, इथे माझी. हे ताट मोजून त्याच्या पोटाएवढंच आहे. यातून कुणाच्या मानाचा घास काढायला जागाच नाही."

मग तो आजार आला. दोन वर्षं आम्ही समुद्राचं दार लावून बसलो होतो. विमान बंद, जहाजावरची माणसं जहाजावरच. जगात लोक मरत होते आणि आम्ही मोकळ्या तोंडानं चर्चमधे गात होतो. मीच सगळ्यात मोठ्यानं सांगायचो, "आमच्या बेटावर येण्याची त्याची हिंमत नाही!" तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत तो आला, आणि पंधरा दिवसांत गल्लीगल्लीत. बालवाडीला कुलूप.

जेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "फुआतिनो, सूट मिळालीय. मुलांनी समोर बसून खायला नको. डबे भरा, घरी पोचवा, घरच्या कुणाच्याही हातात द्या. झालं तुमचं काम."

फुआतिनोनं विचारलं, "हातात गेलं म्हणजे तोंडात गेलं का?"

"अहो, ते आपण नाही बघायचं आता."

"मग खूण कशाची करू?"

"दिलं त्याची करा! सगळं जग बंद पडलंय आणि तुम्ही खुणेचं काय घेऊन बसलात?"

डबे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यातून मला गुडघ्यामुळे काढलं होतं, गाडी माझी होती, आणि बेटावरचा एकेक खड्डा मला नावानं ओळखतो. सदतीस डबे. फुआतिनोनं पहिल्याच दिवशी बजावलं, "दादा, डबा मुलाच्या हातात द्यायचा. मोठ्यांच्या नाही."

"बरं बरं."

"बरं बरं नको. सेउमालोकाकांच्या घरी काय करशील?"

सेउमालो म्हणजे आमच्या कुळाचे प्रमुख, वडिलांचे चुलतभाऊ. ऐंशीच्या घरात. पोरं सगळी हवाई नाहीतर कॅलिफोर्नियाला. घरात ते आणि त्यांची नात लागी, चार वर्षांची. लागीची आई, म्हणजे काकांची सून, इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती आणि त्या दिवसांत तिला तिथेच ठेवून घेतलं होतं, घरी सोडत नव्हते. शेजारपाजारचं येणंजाणं बंद. म्हातारा आणि पोर, बस.

"देईन की पोरीच्या हातात," मी म्हटलं.

पण तुम्हीच सांगा. चारी बाजूंनी उघडं घर. मधे चटईवर सेउमालो मांडी घालून बसलेले, आणि मी हातात अन्न घेऊन त्यांच्यासमोरून जाऊन चार वर्षांच्या पोरीला देणार? माझी पाठ आपोआप वाकली, दोन्ही हात पुढे झाले आणि डबा त्यांच्यापुढे गेला. मी कारखान्यात सुपरवायझरशी भांडलोय, एकदा तर शार्कच्या तोंडातून गळ काढलाय. पण त्या चटईपुढे मला हे जमलं नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नऊ दिवस नाही.

फुआतिनो विचारायची, "मुलीच्या हातात दिलास?" मी म्हणायचो, "मग!"

दहाव्या दिवशी तिनं लागीला फोन लावला. ती रोज दोन-चार मुलांना लावायची.

"लागी बाळा, आज डब्यात काय होतं गं?"

"डबा पांढरा होता."

"आणि आत?"

पोर म्हणाली, "आजोबांना विचारून सांगू?"

फुआतिनोनं फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नऊ दिवस, दादा. नऊ दिवस मी तिच्या नावापुढे खूण केली."

मी म्हटलं, "अगं, काका काही पोरीला उपाशी ठेवणार नाहीत. खोबऱ्याच्या दुधाचा भात वगैरे देतच असतील."

"कुठून देतील? दुकानात कोण जातंय त्यांच्या घरातून?"

खरी गंमत म्हणजे काकांनाही काही कळलं नव्हतं. मला दोनदा म्हणाले होते, "आपेलू, सरकार फारच कंजूष झालं रे! एवढ्याशा डब्यात सात मटार पाठवतात मला? म्हातारा झालो म्हणून काय चिमणी झालो?" त्यांना वाटत होतं, सरकार म्हाताऱ्यांना जेवण पाठवतंय. मुलीला ते तळाशी दोन घास ठेवायचेही, मोठ्या ताटात ठेवायचे तसेच. पण चार वर्षांच्या पोटाच्या मापाचं जेवण ते. त्यातले दोन घास म्हणजे किती?

मी म्हटलं, "सांगून टाकतो त्यांना."

"खबरदार! या वयात त्यांना सांगणार, की तुम्ही नातीचं अन्न खाल्लंत? तो माणूस दुसऱ्या दिवशी जिवंत राहील?"

मग तिनं काय केलं ते ऐका. सरकारी डब्यात जास्तीचं घालता येत नव्हतं, ते मुलाचंच. म्हणून तिनं दुसरा डबा सुरू केला, स्वतःच्या चुलीवरचा. माझ्या मळ्यातला तारो, म्हणजे अळूचे मोठे कंद, उकडलेली हिरवी केळी, तारोच्या पानात गुंडाळून शिजवलेलं खोबऱ्याचं दूध, कधी डबाबंद बीफ. तारो माझा बरं का, अख्ख्या खोऱ्यात तसा निघत नाही. सेउमालोकाकांसारखी म्हातारी माणसं आणखी दहा घरांत होती. म्हणजे अकरा मोठे डबे. पहाटे उठून ती करायची आणि मग बालवाडीच्या सदतीस डब्यांवर जायची. मोठ्या डब्यावर प्रमुखाचं नाव सगळ्या मानासकट लिहायची. मी तो आधी द्यायचा, दोन्ही हातांनी, वाकून. मान झाला. मग छोटा डबा पोरीकडे सरकवायचा.

पहिल्या दिवशी काकांनी डबा उघडला आणि म्हणाले, "बघ! मी कुरकुर केली ती वॉशिंग्टनपर्यंत पोचली!"

मी म्हटलं, "तुमचा शब्दच तसा आहे, काका."

लागी कोपऱ्यात बसून खात होती. दोन्ही गाल भरलेले. गाडीत बसल्यावर मी फोन करून फुआतिनोला सांगितलं, तर ती म्हणाली, "हं. आता करते खूण."

त्या मागच्या नऊ खुणाही तिनं ऑफिसला कळवून खोडायला लावल्या. बाई म्हणाल्या, "कुणी विचारलं नव्हतं." फुआतिनो म्हणाली, "मला मी विचारलं होतं."

तिला साखरेचा आजार होता आणि मूत्रपिंडं अर्धी गेलेली. मला माहीत होतं. मी म्हणायचो, "थोडी बस." ती म्हणायची, "बसल्यावर डबे चालत येतील का?" मार्चमधे तिला ताप आला. तो कुणाकडून आला कोण जाणे. माझ्याकडूनही असेल, मी सदतीस घरं फिरत होतो. हे मी कुणाला बोललो नाही, इथेच लिहितोय.

आठ दिवस ती इस्पितळात. मला आत सोडलं नाही. मी गाडी खाली लावून बसायचो आणि ती खिडकीच्या आतून फोनवर. डबे मी करत होतो तेव्हा. आमच्यात चुलीचं काम पुरुषांचं असतं आणि माझ्यासारखी चूल कुणाला पेटवता येत नाही. पण ती नावं ठेवायचीच.

"मीठ किती घातलंस? काकांचे पाय सुजतील."

"तू गप पड. श्वास पुरत नाही आणि मीठ मोजतेस."

"दादा."

"काय?"

"त्यांना कळू देऊ नकोस हं, कुठून येतं ते."

"नाही सांगत."

"तुझ्या तोंडाला कुलूप नाही, म्हणून सांगतेय."

गुरुवारी गेली. दफनाला आम्ही पाच जण, तोंड बांधलेले. गाणं नाही, भेट द्यायच्या मानाच्या चटया नाहीत, जेवण नाही. प्रमुखाच्या पुतणीला असं पोचवलं आम्ही. काकांना येऊ दिलं नाही, वयामुळे.

सोमवारी बालवाडीच्या बायकांनी छोटे डबे भरून माझ्या गाडीत ठेवले. मोठे डबे नव्हते. मी चूल पेटवलीच नव्हती. तीन दिवस चुलीकडे बघितलं नव्हतं, खरं सांगतो.

काकांच्या घरी गेलो. ते चटईवर, अंगावर काळा कपडा. पोर खांबाला टेकून. मी एकच डबा घेऊन वाकलो. "तुलोऊ, तुलोऊ," म्हणजे मोठ्यांसमोरून जाताना माफी मागतात ते म्हणत म्हणत मी त्यांच्यासमोरून गेलो आणि डबा लागीच्या हातात दिला. मोठ्यांच्या आधी पोरीला, आयुष्यात पहिल्यांदा.

पोरगी चांगल्या वळणाची. तिनं डबा घेतला, चार पावलं चालली आणि दोन्ही हातांनी आजोबांपुढे धरला.

काकांनी उघडून पाहिलं. "आपेलू, माझा मोठा कुठे आहे? परत कंजूषी?"

आणि मी बोललो. ती गेली होती, मला राग होता, कुणावर ते माहीत नाही. "तो सरकारचा नव्हता, काका. फुआतिनो करायची. हा लागीचा आहे. पहिल्यापासून लागीचाच होता."

काका डब्याकडे बघत होते. बोटांनी मटार मोजल्यासारखं केलं. मग डबा पोरीकडे सरकवला. "खा."

लागीनं मान हलवली. "तुम्ही आधी."

"मला भूक नाही. खा."

ती हलेना. आजोबा उपाशी समोर बसलेले असताना कोणती पोर खाईल? आमच्या घरातली तरी नाही. अशीच वाढवलीय आम्ही.

काका काठीवर जोर देऊन उठले. मी धरायला गेलो तर हात झटकला. घराबाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. कुळाचा प्रमुख स्वतःच्या घरातून उठून गेला, चार वर्षांच्या पोरीला जेवता यावं म्हणून. मी असं कधी पाहिलं नव्हतं.

मी दारात बसलो. पोरीनं आजोबांच्या पाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूहळू भाताला हात घातला.

बऱ्याच वेळानं काकांनी मान न वळवता हाक मारली, "झालं का तिचं?"

"दूध राहिलंय, काका."

"मग बसतो मी अजून."