मी पडले ते कुठे गेलं

“मावशी, आधी ते पुसून घ्या. बाकीच्यांना बसायचंय.”

शुद्धीवर आले आणि पहिलं हे ऐकलं. परळच्या त्या इस्पितळात बाकड्यावरून कोसळले होते, फरशीवर उलटी झाली होती. समोर डॉक्टर, माझ्या नातवाच्या वयाचा. त्याने फडकं टाकलं. मी पुसलं. हो, पुसलं. वाकायची सवय असते ना आपल्याला.

नीट सांगते. बीपीच्या नव्या गोळीची चाचणी होती. आमच्या चाळीतल्याही बऱ्याच बाया. दर आठवड्याला डोस वाढवायचा, त्याच बाईचं प्रेशर गोळीआधी मोजायचं, नंतर पुन्हा मोजायचं. डोस वाढत गेला आणि मी पडले. मग गेलेच नाही.

पुढे शेजारच्या सुलभासोबत गेले. तिने चाचणीत नव्याने नाव घातलं होतं, एकटीला धाकधूक होती.

त्याच डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकीच्या प्रेशरची एक रेघ. माझा नंबर मला पाठ. माझी रेघ थांबलीच नव्हती. सरळ पुढे गेलेली, सगळ्यांत शांत.

“डॉक्टर, मी तर आलेच नाही.”

“रिकामी जागा ठेवत नाही आम्ही. तुमचा शेवटचा आकडा पुढे ओढलाय. पद्धत आहे तशी.”

शेवटचा आकडा म्हणजे पडायच्या आधीचा. पडल्यावर मोजलं कुणी?

“आणि मी पडले ते?”

“उपाशी आला असाल. तुम्हा लोकांना किती सांगायचं?”

चहा-चपाती खाऊन गेले होते मी.

मग तो सुलभाकडे वळला, अगदी गोड आवाजात. “घाबरू नका ताई. बघा, एकीलाही त्रास नाही.” बोट माझ्या रेघेवर.

मी तिथे जिवंत उभी, आणि माझीच रेघ पोरीला गोळीकडे ढकलत होती.

त्याने तिच्या तळहातावर ठेवलेली गोळी उचलून मी टेबलावर ठेवली.

“काकी, राहू दे ना. चिडतील ते. फुकट तपासतात.”

“चिडू दे. ऊठ.” त्याला म्हटलं, “मी पडले ते आधी लिहा.”

“सिक्युरिटीला बोलवू?”

सुलभा उठली. मागे बाकड्यावरच्या एकीने मुकाट गोळी गिळली, वर पाणी.

आता चाचणीच्या दिवशी मी फाटकाशी बसते. आत जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवते, सांगते, मी पडले होते. कुणी ऐकतं, कुणी घाईत निघून जातं. रखवालदार हाकलतो. मी पलीकडच्या फुटपाथवर बसते. ती रेघ माझी आहे. माझं पडणं तिच्यात लिहिलं जाईपर्यंत मी इथून हलणार नाही.