कॉम्प्युटरची आंघोळ

टायपिंगच्या बाईंच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिची आंघोळ व्हायची. कापड भिजवलं जायचं, डबा उकळला जायचा. सुनेने घड्या घातलेले टॉवेलसुद्धा बाई पुन्हा झटकून नव्याने घड्या घालत. "मी वर गेले तरी आधी ढग झटकून घेईन," असं त्या स्वतःच हसत सांगत. पण टॉवेल काही सोडत नसत.

सुनेने त्यांच्यासाठी नवा कॉम्प्युटर आणला आणि सुट्टीचा अख्खा दिवस खर्ची घालून तो लावून दिला. बाईंनी त्याला अजून बोटही लावलं नव्हतं. नव्या कॉम्प्युटरमध्ये कंपनी नाही नाही ते भरून देते, असं शेजारीण म्हणाली होती. म्हणजे तोही धुवायलाच हवा.

"आई, मी लावलाय तो नीट. एकदा वापरून तरी बघा."

"बघेन की. आधी स्वच्छ तर होऊ दे."

"टॉवेलसारखा?" सून म्हणाली. ती हसली नाही. पर्स उचलून ऑफिसला निघून गेली.

ते न हसणं बाईंना टोचलं. तरी दुपारी बोलावलेला दुरुस्तीवाला आलाच.

"सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकायची ना, बाई? आतलं सगळं जाईल."

"नवाकोरा आहे. त्यात काय असणार?"

"तरी कळा तपासून घ्या. काहीही टाइप करा."

नव्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं भलत्याच कळांवर असतात, हे ठाऊक असल्याने बाई चुका काढायला टपूनच बसल्या. बोटं सवयीने जुन्या टाइपरायटरच्या जागांवर गेली, आणि पडद्यावर वाक्य बिनचूक उमटलं. तेही चांगलं मोठ्या अक्षरात. चष्मा कपाळावरच राहिला होता.

"हे कंपनीचं नाही," दुरुस्तीवाला वाकून बघत म्हणाला. "टाइपरायटरची मांडणी कुणीतरी मुद्दाम शोधून बसवलीय. पुसू?"

"नको," बाई हळूच म्हणाल्या. "त्यापेक्षा माझ्या डोक्यात काही नवीन टाकता येतं का बघा."

"इतक्या जुन्या मॉडेलला चालत नाही, बाई."

संध्याकाळी सून आली आणि वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला बसली. कडा नेहमीसारख्याच वाकड्या. बाईंचे हात शिवशिवले.

"पुसला?" सुनेने मान वर न करता विचारलं.

"नाही गं. तू लावलास तसाच राहू दे. तो वरचा टॉवेल दे जरा, तोंड धुऊन येते."

"वाकडा आहे, आई."

"दिसतंय. दे."