घोड्यांचे बैल

लग्न होऊन या घरात मला एवढी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून "चांगलं केलंस" एवढं कधी ऐकलं नाही. धाकट्या जावेनं नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला तरी "शहाणी गं माझी बाय!" आणि मी पुरणावरणाचा घाट घातला तरी गपचूप जेवून हात धुणार. जळायचे मी. अजून जळते, खोटं कशाला बोलू?

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. केडगावचे त्यांचे एक दोस्त दुपारचे स्कूटरवर येतात आणि दोघं अंगणात बुद्धिबळाचा पट मांडतात. गेल्या हिवाळ्यात शेळीनं त्यातल्या अर्ध्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या चावून टाकल्या. मामांचं तोंड एवढंसं झालं. मी मनात म्हटलं, बाई, हीच वेळ आहे.

रद्दी भिजत घातली, मेथ्या वाटून त्यात घातल्या, लगदा मळला. अशा लगद्याच्या टोपल्या करायला मी आईकडून शिकले होते. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी, सगळं हातानं वळलं. निम्म्यांना चुना लावला, निम्म्यांना तव्याची काजळी. घोडे तेवढे राहिले होते.

धाकटीनं ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी भाऊजींच्या गॅरेजात जाऊन बसली. ट्रॅक्टरचे नट, बोल्ट, स्पार्क प्लग, बेअरिंगच्या गोळ्या, सगळं वेल्डिंगनं जोडून घेतलं. कल्पना माझी उचलली आणि वर मलाच विचारते, "अक्का, हत्ती बरा दिसतोय का हो?" डोंबल तुझा हत्ती! मीही मग राहिलेले घोडे घाईघाईनं वळून टाकले.

दोन्ही डाव एकाच दिवशी मामांपुढं आले. सायकलच्या चेनची मान असलेला तिचा घोडा त्यांनी उन्हात धरला. "आयला, काय हात हाय पोरीचा!" मग माझा उचलला, उलटापालटा केला. "थोरले, ह्यो घोडा हाय का बैल?"

बघते तर काय, शिंगं आणि पाठीवर चांगलं वशिंड! जन्मभर पोळ्याला मातीचे बैल केले, बोटांनी तेच वळलं होतं. चारही घोडे बैल. मामांचे दोस्त खोकला येईपर्यंत हसले. धाकटी पदर तोंडाला लावून हसली, ते मी अजून विसरले नाही. माझा डाव बिस्किटाच्या डब्यात गेला. तिनं तिच्या डावाचा फोटो स्टेटसला ठेवला आणि तो मी दिवसभर उघडून बघत बसले.

मग ऊन तापलं. एका दुपारी अंगणातनं मामा ओरडले, "आरं भाजलं की!" लोखंडी वजिरानं बोट पोळलं होतं. "थोरले, तुजी बैलं आन बरं."

त्या दिवसापासून माझाच डाव पटावर. "बैल अडीच घरं" असं दोघं खुशाल म्हणायला लागले. धाकटीचा डाव हॉलच्या शोकेसमध्ये गेला. ती दारात उभी राहून माझ्या बैलांकडं बघायची. ते तोंड मला चांगलं ओळखीचं होतं. मला लई बरं वाटलं, सांगते ना.

पण परवा तिसगावचे पाहुणे आले. मामा खेळ सोडून उठले आणि त्यांना शोकेसपाशी घेऊन गेले. "ही आमच्या धाकटीनं केलीत बरं का!" पाहुण्यांनी वा वा केली. मग अंगणातल्या पटाकडं बोट करून विचारलं, "आणि ही?"

"ही व्हय? ही आपली खेळायची."

बस्स. माझं नाव नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. साखरेचा डबा उघडला होता, तो तसाच धाडकन बंद केला. घ्या म्हटलं, प्या कडू.

कप नेऊन ठेवले. पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मामा केव्हाच पटाशी येऊन बसले होते. त्यांनी कप रिकामा केला, त्यांना काही कळलं नाही. चाल सुचत नव्हती आणि अंगठा सारखा माझ्या बैलाच्या वशिंडावरून फिरत होता. काजळी पार निघून गेली होती तिथली.