हाडाशी थांबलेली मोटर

भुताखेताचे अनुभव लोक मोबाइलवर लिहितात. आमची लेक शबाना ते वाचून दाखवायची आणि मी भाकरी थापता थापता हसायचे. रिकाम्या लोकांची कामं, म्हणायचे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. मी चौथी शिकलेली बाई, चार माणसांत तोंड उघडत नाही. म्हणून हे कुठं पाठवणार नाही. नुसतं लिहून ठेवते.

आम्ही मणेर. तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला आमचं बांगड्यांचं दुकान होतं. बांगड्या भरायला शबानाच्या अब्बांसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली की ते जोर करत नसत. तिथंच थांबत, बाईशी बोलत बसत.

"मावशी, हात ढिला सोडा की. सासू आठवली काय?"

"सासू कवाच मेली रे माझी!"

"मग आता कुणाला भ्यायचं?"

बाई हसायची, आणि तेवढ्यात बांगडी आत गेलेली असायची.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी मूठ आवळली ती आवळलीच. बोलणंही गेल्यासारखंच झालं. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, बोटं रोज हळूहळू उघडत राहा, नाहीतर कायमची आखडतील. पण आम्ही बोटाला हात लावला की ते ओरडायचे.

शबाना डिप्लोमाला आहे. तिनं काडेपेटीएवढी मोटर आणून एका हातमोज्याच्या मनगटावर बसवली. बोटांच्या टोकांना दोऱ्या बांधल्या. मोटरची दांडी फिरली की दोऱ्या ताणणार आणि बोटं उघडणार. पहिल्याच दिवशी मोटरनं असा हिसका दिला की ते किंचाळले.

"अम्मी, हिला 'तिथवर जा' म्हटलं की एकदम उडीच मारती," शबाना म्हणाली. "थोडं थोडं जायला सांगावं लागतंय, दर वेळी जरासा दम धरायला लावावं लागतंय. मग स्पीड कमी होतंय."

ते सगळं ती मोटरला जोडलेल्या एका छोट्या बोर्डात भरायची. हळू केलं, आणखी हळू केलं. मोटर गोगलगायीसारखी एकसारखी सरकायची — आणि बोटं अर्ध्यावर आली की ते ओरडायचेच.

एका दुपारी शबाना बोर्ड आणि बॅटरी सरांना दाखवायला कॉलेजात घेऊन गेली. हातमोजा तिच्या अब्बांच्या हातात तसाच घातलेला राहिला होता. मोटरच्या तिन्ही वायरी खाटेखाली लोंबत होत्या. मी समोर लसूण सोलत होते.

दांडी हलली.

आधी भास वाटला. पण ती सावकाश फिरत गेली, बोटं अर्ध्यावर आली आणि मोटर थांबली. बराच वेळ थांबली. त्यांनी एक लांब श्वास सोडला... मग दांडी पुढं सरकली आणि हात पूर्ण उघडला. एरवी ती मोटर किरकिर वाजायची, त्या दिवशी आवाज नव्हता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मी माझा तळवा त्यांच्या तळव्यावर ठेवला. ऊबदार होता. मग दोऱ्या सैल झाल्या आणि मूठ पुन्हा मिटली.

संध्याकाळी शबानाला सांगितलं.

"वायर न्हाय तर मोटर फिरंल कशी? अब्बांनीच उघडला असंल."

"मग दोऱ्या ढिल्या पडल्या असत्या की गं. ताणलेल्या होत्या, म्या बघितलं."

तिनं बोर्ड पुन्हा जोडला. नंतर मी दाखवलं तिथं तिनं मोटर थांबवली. "इथं. लई वेळ थांबव," मी म्हणायचे. मोटर बरोबर तशीच थांबायची, पुढं सरकायची, आणि ते तसेच ओरडायचे. कितीतरी दुपारी मी वायरी काढून समोर बसून राहिले. काही हललं नाही.

थंडीत ते गेले. गुसलचं, शेवटच्या अंघोळीचं, पाणी घालून धाकटे दीर बाहेर आले, खाली बघत म्हणाले, "भाभी, मूठ उघडली न्हाय. लई बघितलं आमी." ती तशीच कफनात गेली.

शबाना म्हणते, मोटरमध्ये थोडी वीज उरली असेल. तसं होत नाही, हे तिलाही माहीत आहे. मला अजून कारण सापडलेलं नाही, आणि सापडून आता करायचं काय. तो हात उघडू शकत होता, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.