पाचवीचं सूप

हा कागद हातात घे आणि अशी जवळ सरक गो बाई. नोकरीवरून काढलं म्हणून चार महिने दार लावून बसलीस, आणि या म्हाताऱ्या मावशीआजीला साधा फोनही नाही? हे बरं नव्हे. ऐक आता. तुझ्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहूनच काढते.

साठ सालानंतरची गोष्ट, पण अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी महाडच्या ठाण्यात शिपाई होते. त्या काळी बाई पोलीस म्हणजे नवलच. बायकांची झडती, बायकांचे जबाब, हे माझं काम. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचं लिहिणं पंचनामे उतरवता उतरवता आलं.

एका सकाळी पोलादपूरकडच्या वाडीवरचा एक शेतकरी ठाण्यात आला. भाऊ मुंबईला, भावजय बाळंत झालेली.

"आयची नथ गेली, बाईसाहेब. पाचवीला सटवाईपुढं सुपात ठेवली होती. पूजा झाली नि नथ नाय! दुसरं कोण घेणार? त्या काढलेल्या सुईणीचंच काम हाय."

'काढलेली' हे खरं होतं. ती आधी एका दवाखान्यात आया होती. तिथला कापूस आणि औषधाची बाटली घरी नेताना सापडली आणि नोकरी गेली. मग वाडीवाडीवर बाळंतपणं करून पोट भरायची.

शिपाई जाऊन तिला घेऊन आला. झडती मी घेतली. ती हात वर करून उभी राहिली आणि मलाच म्हणाली, "नीट बघा, बाय. घाई नको. मागाहून कोण म्हणायला नको, अर्धीच झडती झाली." काही निघालं नाही.

जमादार कडक होते. "एकदा चोरलंस ना?"

"चोरलं. कापूस नि बाटली."

"मग नथ का नाही?"

"साहेब, ज्या घरी जाते तिथं उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी सांगते, मला ह्याच्यासाठी काढलंय, चालत असेल तर आत घ्या. लोकांनी सांगितलं तर गाडीभर सांगतील. मी सांगितलं तर कापूस तेवढा कापूस राहतो. आता नथ उचलली, तर पुढच्या उंबऱ्यावर काय सांगू?"

चोर आपली चोरी कमी करून सांगतो, हे आम्ही रोज बघत होतो. ही मात्र मापात सांगत होती.

मी तिला चहा दिला. म्हटलं, "त्या घरून निघताना काय काय घेतलंस?" तेव्हा कुठे तिचे डोळे भरले.

"काय नाय, बाय. पाचवीचं सूपसुद्धा दिलं नाय. आजवर असं कोणी केलं नव्हतं."

पाचवीच्या सुपातले तांदूळ-नारळ पूजेनंतर सुईणीचे. घरात कुणी ते शिजवायचे नाहीत. मग गेले कुठे? मी जमादारांना म्हटलं, "साहेब, नथ राहू दे. आधी तांदूळ शोधू."

दुपारी सुईणीला घेऊनच वाडीवर गेलो, दोन पंच घेतले. शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आयला विचारलं, सुपातले तांदूळ कुठे? तिने हळूच माळ्याकडे बोट केलं. "बांधून ठेवलेत. दुसरी कोण चांगली सुईण मिळाली तर तिला देऊ म्हटलं."

पंचांसमोर गाठोडं सोडलं. तांदळात नथ! सुईणीने मागायच्या आत सूप नजरेआड करायचं, म्हणून म्हातारीने घाईघाईत नथेसकट फडक्यात उपडं केलं होतं. शेतकरी मान खाली घालून उभा.

जमादार सुईणीला म्हणाले, "तुझा काही दोष नाही, असा कागद लिहून देतो."

"कागद वाचणार कोण, साहेब? शिपाई मला घेऊन गेला ते सगळ्या वाडीनं बघितलं. आता आजीनं माझं सूप डोक्यावर घ्यावं नि दिवसाउजेडी माझ्या घरी आणावं."

"अगो, माझे गुडघे दुखतात," म्हातारी म्हणाली.

"हळू चला, आजी. मला घाई नाय."

आणि गेली गो म्हातारी, सूप डोक्यावर घेऊन! दारादारात बायका उभ्या. सुईणीच्या ओटीवर सूप ठेवलं, तिला कुंकू लावलं, म्हणाली, "पुढच्या खेपेलाही तूच ये."

"येईन. पण उंबऱ्यावर आधी सांगेन, मला का काढलंय ते."

पुढे माझी दोन्ही पोरं तिच्याच हातावर झाली. खात्याने मला कायदा शिकवला. झालेली चूक सांगून ताठ कसं उभं राहावं, हे तिने शिकवलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत. तुझ्या हातून चूक झाली ना? झाली. मग ती तुझ्याच तोंडून लोकांना कळू दे, होती तेवढीच.

आणि ये लवकर. एस्टीतून उतरलीस की बाजारातून चालत ये. कुणी हाक मारली तर थांब, बोल. मी वाट बघतेय.