आधी वाफ कोणाला?

"बेन, तमे ज कहो. दोनों में से किसको निकालूं?"

मनहरभाई शेठांनी टेबलावर कापड पसरलं होतं. गडद नेव्ही ब्लू, पॉलिस्टरचं ड्रेस मटेरियल. लांबून छान दिसत होतं. जवळ गेलं की चट्टे दिसत होते, कुठे फिकट, कुठे गडद. माल घेणाऱ्या पार्टीनं सगळा लॉट परत पाठवला होता आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. सुरतजवळ पलसाण्याला हायवेलगत शेठांचं डाइंग हाऊस, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना होता. अकोल्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी लग्नानंतर सुरतला आले आणि उधन्याला छोटं वर्कशॉप टाकलं. तिथे मी टेंपरेचर कंट्रोलर बनवायचे. शेठांच्या आठही मशीनवर माझेच कंट्रोलर होते. त्यामुळे त्यांचा प्रश्न दोघांबद्दल असला तरी तिसरी मी होते. तेही त्यांनी लगेच बोलून दाखवलं.

"नाही तर तुमचे डबे काढतो आणि बाहेरचे मागवतो. पार्टी म्हणते, इम्पोर्टेड लगाओ."

दोघं म्हणजे डाइंग मास्टर हिरामण नाना आणि बॉयलर सांभाळणारे आधार आप्पा. दोघंही खानदेशातले, अमळनेरकडचे. राहायला लिंबायतला, एकाच गल्लीत. नाना म्हणायचे, बॉयलर वाफ देत नाही म्हणून रंग बिघडतो. आप्पा म्हणायचे, मास्तरला मशीन चालवता येत नाही.

"मला दोन आठवडे द्या," मी म्हटलं. "तोवर कोणालाच काढू नका."

"दोन आठवडे? ठीक छे. पण नेव्हीचा नवा लॉट येतोय. तो बिघडला तर मी कोणाचं ऐकणार नाही."

काम समजायला थोडं मशीन समजून घ्यावं लागेल. जेट डाइंग मशीन म्हणजे आडवं, जाड पोलादी पिंप. आत रंगाचं पाणी आणि दोरासारखं गोल गोल फिरणारं कापड. पॉलिस्टर रंग सहजासहजी धरत नाही. पाणी एकशे तीस अंशांपर्यंत न्यावं लागतं, आणि तेही दमादमानं, मिनिटाला एक-दीड अंश. या भागाला आम्ही चढण म्हणायचो. चढण एकसारखी झाली तर रंग एकसारखा बसतो. मध्येच उडी बसली की चट्टे. पाणी तापवते वाफ. वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते माझा कंट्रोलर ठरवायचा.

मी डाइंग हाऊसमध्ये गेले तेव्हा नाना घामानं निथळत उभे होते. "ताई, तुमचा डबा चांगला आहे," त्यांनी आधी मला धीर दिला. "पण उपाशी माणूस काय पळेल? त्याला सांगा ना जरा."

"तुम्हीच का नाही सांगत? बॉयलर समोरच तर आहे."

नानांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "आम्ही बोलत नाही."

आप्पांकडे गेले तर त्यांनी फावडं खाली ठेवलंच नाही. कोळशाची भट्टी धडधडत होती. "वाफ कमी नाही. काटा पाहा!" खरंच, प्रेशर गेजचा काटा जागेवर होता. "तो सगळ्या मशीन एकदम सुरू करतो आणि मग बोंबलतो. कोळसा काय स्विच आहे का, दाबला की पेटला? त्याले सांगी द्या, ताई."

दोघांचे निरोप माझ्याच हाती. वर तिसरी बातमी मला कॅन्टीनमध्ये कळली. नानांची मुलगी आणि आप्पांचा मुलगा यांचं लग्न जमलं होतं. सुपारी फुटली होती. नंतर एका बिघडलेल्या लॉटवरून दोघं मशीनपाशी भांडले. नाना काही बोलले, त्यावर आप्पा म्हणाले, "कोळसा काय तुन्हा बाप टाकस का?" तेव्हापासून बोलणं बंद आणि लग्नाची तारीखही बंद. चहावाली मावशी सांगत होती, पोरीनं साडी निवडून ठेवली आहे, पोरगा रोज बापाचं तोंड पाहतो.

मी वाफेच्या मुख्य पाइपवर प्रेशर मोजायचं यंत्र लावलं आणि दोन पेनांचा रेकॉर्डर जोडला. एक पेन वाफेचं, दुसरं एका मशीनच्या तापमानाचं. कागद हळूहळू सरकत राहतो आणि पेनं रेघ काढत राहतात. स्टुलावर बसून मी रेघांकडे पाहत राहिले. कोणी काम करत नसल्यासारखं वाटावं असं ते काम.

दुपारी दिसलं. सहा मशीन जवळपास एकाच वेळी चढणीला लागल्या आणि वाफेची रेघ खाली घसरली. तापमानाची रेघ आडवी झाली. पाणी तापेना म्हणून माझ्या कंट्रोलरनं व्हॉल्व्ह उघडला, आणखी उघडला, पुरता उघडला. तरी तापेना. तिकडे आप्पांनी कोळसा टाकला, वाफ परत आली. पण व्हॉल्व्ह अजून सताड उघडाच. तापमानानं उडी घेतली. चट्टे तिथेच पडत होते.

म्हणजे नाना खरे होते. आप्पाही खरे होते, कारण मी गेले तेव्हा काटा जागेवर होता, आणि तो पडला की ते जीव तोडून कोळसा टाकत होते. दोघांना फक्त आपापलं अर्धं दिसत होतं.

उडी थांबवणं सोपं होतं. वाफ पडली की कंट्रोलरनं व्हॉल्व्ह ताणत बसायचं नाही, चढण तिथेच थांबवायची. मी शेठांना सांगितलं.

"म्हणजे मशीन थांबून राहणार?"

"वाफ येईपर्यंत."

"मग माल निकळणार कधी? बेन, थांबायला मी मशीन घेतली नाही."

बरोबरच होतं. परतताना स्कूटरवर माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. बॉयलर एका वेळी तीन मशीनना नीट चढवू शकत होता. चढून झालं की मशीनला थोडीशीच वाफ लागते. म्हणजे वाफ पुरेशी होती, फक्त सगळ्यांनी एकदम मागायची नाही. पण मशीनला काय माहीत शेजारची काय करते आहे? माझे आठही कंट्रोलर हुशार होते आणि आठही एकमेकांना अनोळखी होते.

त्यांना बोलायला लावायचं, हे सचिन गावच्या रेल्वे फाटकापाशी सुचलं. इतका आनंद झाला की गाडी गेली, फाटक उघडलं, तरी मी तिथेच; शेवटी मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून मला पुढे ढकललं.

आज हे साधं वाटेल. तेव्हा प्रत्येक कंट्रोलर आपापल्या कोपऱ्यात बसलेला असायचा. मी प्रत्येकात एक छोटं कार्ड बसवलं आणि एकमेकींवर वळलेल्या दोन तारा सगळ्या मशीनमधून फिरवल्या. वळलेल्या अशासाठी, की मोटारींचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि मग तो वजा करता येतो. मधे एखादा मोठा कॉम्प्युटर ठेवला नाही. तो बंद पडला असता तर आठही मशीन बसल्या असत्या. मशीननी आपसातच ठरवायचं. चढण जवळ आली की तारेवर सांगायचं, "मला वाफ लागणार आहे." तिघी चढत असतील तर थांबायचं. कोणाची चढण संपली की तिनं आपली जागा सोडायची.

आणखी एक गोष्ट केली. त्याच दोन तारा अंगण ओलांडून बॉयलर रूममध्ये नेल्या आणि आप्पांच्या समोर एक डिस्प्ले लावला. लाल आकड्यांचा. डावीकडचा आकडा म्हणजे आत्ता किती मशीन चढताहेत, उजवीकडचा म्हणजे थोड्या वेळात किती येणार. कोळसा पेटायला वेळ लागतो ना, मग त्याला आधी कळलं पाहिजे.

आप्पांनी डिस्प्लेकडे पाहिलं आणि त्यावर आपला गमछा टाकला. "माझ्यावर नजर ठेवायला का?"

"नाही आप्पा. हा तुमच्याकडे बघत नाही. तुम्ही याच्याकडे बघायचं."

गमछा तसाच राहिला.

ट्रायलला शेठ स्वतः आले. कार्डावरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा मला लहान मुलीसारखं उड्या माराव्याशा वाटल्या. नानांनी आठही मशीन भरल्या. मग वीज गेली. आली. आठही कंट्रोलर एकदम जागे झाले आणि आठही एकदम म्हणाले, मला वाफ हवी. मी नियम घातला होता, दोघींनी एकदम मागितलं तर माघार घ्यायची. आठही जणींनी माघार घेतली. सारखाच वेळ थांबल्या. पुन्हा एकदम मागितलं. पुन्हा माघार. आठ दिवे एका तालात लागत होते, विझत होते आणि व्हॉल्व्ह एकही उघडत नव्हता.

"आ शुं चाले छे?" शेठ म्हणाले.

नानांना हसू आवरेना. "ताई, या तर पंगतीतल्या पाहुण्यांसारख्या करताहेत. तुम्ही बसा, नाही तुम्ही बसा. जेवण गार होऊन चाललं!"

मलाही हसू आलं. शेठ बिचारे आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले, मग तेही हसले. उपाय तिथेच सुचला. माघार घेतल्यावर प्रत्येकीनं वेगवेगळा वेळ थांबायचं. पहिल्या नंबरच्या मशीननं सगळ्यांत कमी, शेवटच्या नंबरनं सगळ्यांत जास्त. प्रोग्राम बदलायला वर्कशॉपला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी चिपा घेऊन आले, बसवल्या आणि नानांना म्हटलं, आता मेन स्विच पाडा. त्यांनी पाडला, चढवला. दिवे लुकलुकले. पहिलीनं मागितलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. बाकीच्या थांबल्या. पहिलीची चढण संपली आणि चौथीचा व्हॉल्व्ह फुस्स करून उघडला.

नाना टाळ्या वाजवायला लागले. मास्तरला टाळ्या वाजवताना त्या डाइंग हाऊसनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मग मी बॉयलर रूममध्ये गेले. गमछा आप्पांच्या खांद्यावर होता. ते डिस्प्लेकडे बघत होते. उजवीकडचा आकडा दोन झाला. आप्पा उठले आणि दोन फावडी कोळसा टाकला. थोड्या वेळानं दोन मशीन चढणीला लागल्या. काटा जागचा हलला नाही.

"ताई," ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली. वाफ संपल्यावर सगळे ओरडत येतात. संपायच्या आधी कोणी सांगितलं ते पहिल्यांदाच."

मला त्या वाक्यानं शेठांच्या चेकपेक्षा जास्त बरं वाटलं. चेक मात्र मी सोडला नाही.

नेव्हीचा लॉट लागला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. सकाळपासून सगळं सुरळीत होतं. दुपारी नानांनी हाक मारली. त्यांच्या बाजूला मी एक दिवा ठेवला होता, बॉयलरचा डिस्प्ले तारेवर उत्तर देतो की नाही ते दाखवणारा. तो लाल झाला होता. अंगणात कोळशाची हातगाडी तारेवरून गेली होती आणि तार तुटली होती.

"जोडायला किती वेळ?" नानांनी विचारलं.

"अर्धा तास तरी."

नानांनी मशीनकडे पाहिलं. नेव्हीच्या मशीन चढणीला येत होत्या, आणि समोर आप्पांचा डिस्प्ले कोरा असणार होता. मी म्हणाले, "मी जाऊन सांगते."

"नको. तुम्ही तार बघा." ते निघालेसुद्धा.

मी पक्कड घेऊन मागोमाग अंगणात पोचले. बॉयलर रूमचं दार उघडंच होतं. नाना उंबऱ्यावर उभे राहिले. आप्पांनी मान वर केली नाही.

"आप्पा," नाना म्हणाले, "तीन येई ऱ्हायनात."

आप्पांनी फावडं उचललं. कोळसा टाकला, पुन्हा टाकला. भट्टीचं दार बंद करून गमछ्यानं तोंड पुसलं.

"नेव्ही शे का?"

"हा. नेव्ही."

"मग इथंच बठ. पुढचं सांगत ऱ्हाय."

मी तार जोडायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लावला. तुटलेली जागा सापडली होती, तरीही. आत दोघं आधी आकडे बोलत होते, मग आणखी काहीबाही. एकदा हसण्याचाही आवाज आला. नाना मशीन आणि बॉयलर अशा फेऱ्या मारत राहिले आणि प्रत्येक फेरीत जरा जास्तच वेळ तिथे थांबले.

लॉट सुकून टेबलावर आला. शेठांनी कापड उजेडात धरलं, उलटं केलं, खिडकीपाशी नेलं. चट्टे शोधायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला.

"सरस," ते म्हणाले. "एकदम सरस." मग माझ्याकडे वळून, "बेन, माझ्या भावाची मिल आहे कडोदऱ्याला. तिथेही लावा."

लग्न गोडादऱ्याच्या वाडीत, म्हणजे तिकडच्या मंगल कार्यालयात झालं. खानदेशी लग्न, त्यामुळे मांडवात बँड आणि बँडपुढे अख्खी गल्ली. नाना आणि आप्पा दोघंही नाचले. मला व्याह्यांच्या मधोमध बसवून जेवायला वाढलं आणि भरीत इतकं तिखट होतं की मी पाण्याचे तीन ग्लास रिकामे केले.

पुढे मी अशा बऱ्याच सिस्टिम बसवल्या. तारा, कार्डं, प्रोटोकॉल सगळं बदलत गेलं. एक सवय मात्र पलसाण्यापासून लागली. नवीन कारखान्यात गेले की बॅगेतून मीटर काढायच्या आधी विचारते, इथे कोण कोणाशी बोलत नाही? निम्मा बिघाड तिथेच सापडतो. त्याचं बिल कसं लावायचं, ते अजून जमलेलं नाही.