फुकट अंकाची वर्गणी

बद्रीनाथराव घाबरट आहेत हे शनिवार पेठेत कुणाला माहीत नव्हतं, कारण ते कळायला आधी ते बोलायला हवेत, आणि ते फारसे बोलत नसत. सत्तावीस वर्षं ते विहिरी आणि भूजल यांवरचं संशोधन छापणाऱ्या एका त्रैमासिकाचे व्यवस्थापक होते. व्यवस्थापक म्हणजे अंक गुंडाळणारे, पत्ते लिहिणारे आणि सभासदांची चुका काढणारी पत्रं उघडणारे. सभासद तीनशेदहा. प्रत्येकाचा पत्ता पिनकोडासकट पाठ.

२००५च्या दिवाळीत संपादक पूर्णिमाताईंनी जाहीर केलं, की छापील अंक सभासदांना जाईलच, पण तोच अंक इंटरनेटवर सगळ्यांना मोफत. लेखकांकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. हे काम चालावं असं ज्यांना वाटतं, ते वर्गणी देतील. मार्चअखेर निम्मे सभासद टिकले नाहीत, तर त्रैमासिक बंद.

"अहो ताई, फुकट दिसतंय म्हटल्यावर वर्गणी कोण भरेल?"

"वाचनालयात पेपर फुकट असतो. तरी घरी घेताच ना तुम्ही?"

"शेजारी घेतात. आम्ही त्यांचा वाचतो."

बद्रीनाथरावांनी वाद जिंकला. जिंकून एवढा घाबरलेला माणूस क्वचितच सापडेल.

सभासदांना पाठवायच्या पत्रात ताईंनी मोफतची गोष्ट दुसऱ्याच वाक्यात घातली होती. बद्रीनाथरावांनी ते वाक्य गाळलं आणि नेहमीचं 'वर्गणी पाठवून उपकृत करावे' तेवढं ठेवून पत्रं टपालात टाकली. शेवटचा गठ्ठा पेटीत पडल्यावर त्यांनी हात आत घालून पाहिला, पोहोचला नाही. सभासदांपासून त्यांनी आजवर काही लपवलं नव्हतं. तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं, की ते कपाटाआड काहीतरी शोधू लागत.

फेब्रुवारीत ते पाऊल आलंच. कसबा पेठेतले आप्पासाहेब, निवृत्त भूमापक, सर्वांत जुने सभासद. हातात छापून घेतलेले कागद.

"बसा म्हणणार आहात, की तेही आता इंटरनेटवरच?"

"बसा ना."

"सूनबाईंनी काढून दिलं. अख्खा अंक, फुकट. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही."

"नाही."

"घाबरलात?"

"हो."

आप्पासाहेबांनी चौदावं पान पुढे सरकवलं. "ही विहीर चाळीस फूट आहे. तुम्ही चाळीस मीटर छापलीत. नुसती कागदावर छापली असती तर तीनशे माणसं हसली असती. आता इथल्या मांजरी गावापासून अमेरिकेपर्यंत हसतील. चुका कोण बघणार? फुकटे वाचक?" त्यांनी खिशातून चेक काढला. "हे वाचायचे पैसे नाहीत. तुम्हाला झापायचे आहेत. वर्गणी भरलेली असली, की आवाज चढवता येतो."

त्याच दुपारी बद्रीनाथरावांनी पूर्णिमाताईंना सगळं सांगून टाकलं. ताईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. मग दुसरं पत्र गेलं, सगळं खरं सांगणारं. त्यातलं शेवटचं वाक्य बद्रीनाथरावांचं होतं: 'अंक सर्वांस मोफत, चुका काढण्याचा अधिकार मात्र फक्त वर्गणीदारांस.'

नंतरचा महिनाभर ते डबा खिडकीपाशीच खात. पोस्टमन नुसता पुढे गेला, तरी ते सभासदांची यादी पुन्हा मोजत. पण पाकिटं येत राहिली. चेकबरोबर तक्रारही, कधी दोन पानी. मार्चअखेर एकशे एकसष्ट सभासद टिकले.

"वाचलो," पूर्णिमाताई म्हणाल्या.

"या वर्षापुरते," बद्रीनाथराव म्हणाले, आणि पुढच्या मार्चला घाबरायला बसले.